कोरड्या डोळ्यांचं पाणी

मुंगीनं नव्या नोकरीची बातमी सांगितली त्या संध्याकाळी माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ते बातमीमुळे नव्हतं. एवढं एक वाक्य मला तेव्हाच्या तेव्हा नीट म्हणता आलं असतं, तर पुढचं काही घडलं नसतं. पण मला वाक्यं वेळेवर सुचत नाहीत. सुचतात ती दुसऱ्या दिवशी, दुकानात, समोर कुणी नसताना.

मी घड्याळं दुरुस्त करतो. मुंगी माझी एकुलती एक मुलगी. लहानपणी शाळा सुटली की ती दुकानात यायची आणि टेबलाखाली शिरून, माझ्या हातून निसटलेले स्क्रू लोहचुंबकानं शोधायची. तासन्‌तास फरशीवर सरपटायची, म्हणून मुंगी. आता ती इंजिनिअर आहे. शिकली पुलांचं, पण घराजवळ नोकरी मिळाली ती सांडपाणी विभागात. गेली काही वर्षं ती शहराची गटारं सांभाळते आणि त्याबद्दल कुरकुर करत नाही. तिचं ते कुरकुर न करणं मला सलायचं.

त्या दिवशी दुपारभर मी एका जुन्या मनगटी घड्याळावर वाकून बसलो होतो. त्यातली स्प्रिंग केसाएवढी बारीक असते. श्वास जोरात सोडला तरी जागची हलते. म्हणून आमच्या कामात श्वास धरायची सवय लागते, आणि श्वासाबरोबर पापणीही. मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते मागे उभे राहायचे आणि माझी पापणी लवली की डोक्यात टपली मारायचे. त्यामुळे डोळ्याला भिंग लावलं की माझी पापणी आपोआप थांबते. मला वाटायचं, ही माझी कमाई आहे. आयुष्यात फार थोड्या गोष्टी मला चांगल्या जमल्या, त्यातली ही एक.

पण वर्षभरापासून भिंग काढलं की डोळ्यांना धार लागायची. वाऱ्यात गेलो की पाणी, पुस्तक उघडलं की पाणी, पंख्याखाली बसलो की पाणी. शेजारच्या दुकानातला किल्लीवाला म्हणायचा, "काका, एवढं मनाला लावून घेऊ नका. बंद पडलंय ते घड्याळच आहे." रुमाल पुरत नसे म्हणून मी शर्टाची बाही वापरू लागलो होतो. घरी मात्र मी तोंड फिरवून पुसायचो, म्हणून तिथे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

तर त्या संध्याकाळी जेवताना मुंगी म्हणाली, "बाबा, मला त्या पुलांच्या कामाचं बोलावणं आलंय."

"कुठल्या?"

"समुद्राकाठच्या त्या शहरातलं. जुने पूल तपासायचे, कुठे तडे गेलेत, कुठे गंज चढलाय ते बघायचं. मी सांगितलं होतं की तुम्हाला."

"चांगलं आहे," मी म्हणालो आणि बाहीनं डोळे पुसले. ते पुन्हा भरले. पुन्हा पुसले.

मुंगीचा घास हातातच राहिला. बायको वाढता वाढता थांबली.

"अहो, काय झालं?"

"काही नाही. पाणी आहे."

"पाणी आहे ते दिसतंय."

बोलायला हवं होतं हे मला कळत होतं. पण दोघी माझ्याकडे अशा बघत होत्या की मी खाली मान घालून जेवण संपवलं. मान खाली घातल्यावर पाणी थेट ताटात पडलं.

आमच्या घरात मी रडणं ही साधी गोष्ट नव्हती. लग्नापासून बायको मला कोरडा म्हणते. रागानं नाही, नुसती नोंद केल्यासारखं. माझी आई गेली त्या दिवशी मी भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली देत होतो, हे तिनं मनात ठेवलंय. घड्याळ बंद पडू नये एवढाच माझा हेतू होता, पण असल्या हेतूचं कुणाला काय सांगणार? आणि आता हाच माणूस मुलीच्या जाण्याच्या बातमीनं जेवणाच्या ताटावर रडला होता. झोपण्यापूर्वी ती आतल्या खोलीतून बहिणीशी फोनवर बोलत होती. "अगं, दगडाला पाझर फुटला. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. नाही गं, कांदा नव्हता."

दुसऱ्या दिवसापासून ती माझ्याशी वेगळीच वागू लागली. न मागता दुसरा चहा आला. खिडकीजवळची खुर्ची, जी नेहमी तिची असते, ती मला मिळाली. मी पुस्तक वाचत असताना तिनं येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि निघून गेली. खरं सांगायचं तर मला ते आवडलं. दोन दिवस मी त्या चुकीच्या समजुतीच्या उबेत बसून राहिलो.

मग मुंगीचं बोलणं कानावर आलं. आईला सांगत होती, "मी नाही म्हणून कळवते सोमवारी. बाबांना असं सोडून कसं जायचं?"

"अगं पण तुझी इतकी इच्छा होती."

"होती. त्यांची अवस्था तू पाहिलीस ना? बोलून दाखवत नाहीत एवढंच."

मी दाराआड उभा होतो. तिनं जावं असं मला वाटत होतं. जाऊ नये असंही वाटत होतं, पण ते मी दुय्यम ठरवलं होतं. घराजवळ आहे म्हणून तिनं एक नोकरी धरून ठेवली होतीच. आता माझ्या डोळ्यांपायी दुसरी सोडणार. मी मनातल्या मनात चांगली तीन वाक्यं जुळवली आणि तिच्या खोलीत गेलो.

"मुंगे, त्या पाण्याचं तू मनावर घेऊ नकोस."

"कुठल्या पाण्याचं?"

तिच्या खोलीत पंखा जोरात फिरत होता. त्याचा वारा थेट माझ्या तोंडावर आला. दुसरं वाक्य येण्याआधीच डोळे भरले आणि पाणी गालावरून ओघळलं.

"बाबा, राहू द्या," ती म्हणाली. "मला कळतंय."

तिला कळलं नव्हतं, हे तिला पटवायचं कसं ते मला कळत नव्हतं.

माझ्याकडे घरगुती उपचारांचं एक जाड पुस्तक आहे. त्यात मी डोळ्यांतून पाणी येण्याचं प्रकरण वाचलं. ते वाचून मला किमान सहा आजार झाले असावेत असं दिसलं, त्यातले दोन लहान बाळांचे. पुस्तकं वाचून शहाणं होता येतं यावर माझा विश्वास आहे, पण त्या प्रकरणानं तो थोडा ढळला. बायकोनं गुलाबपाणी घालून पाहिलं. डोळे चरचरले आणि जास्तच वाहू लागले. तिला वाटलं, मी आणखी हळवा झालो. शेवटी मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं ठरवलं. मला औषध हवं होतं असं नाही. मी रडत नाही, हे दुसऱ्या कुणीतरी अधिकारवाणीनं सांगायला हवं होतं. माझ्या सांगण्याला घरात तेवढं वजन नव्हतं.

"मी येते," मुंगी म्हणाली. "पायऱ्यासुद्धा दिसत नाहीत तुम्हाला."

डॉक्टर तरुण होत्या, भराभर बोलणाऱ्या. त्यांनी माझी हनुवटी एका यंत्रावर टेकवली आणि प्रकाशाची पट्टी डोळ्यावर सोडली.

"दुखतं का काका?"

"नाही. चुरचुरतं. वाळू गेल्यासारखं."

"पू येतो? सकाळी पापण्या चिकटतात? कमी दिसतं?"

"चिकटतात थोड्या. पू नाही. पाणी पुसलं की दिसतं."

"एकाच डोळ्यातून येतं की दोन्ही?"

"दोन्ही."

"रडायला येतं का?"

"येतं," मुंगी म्हणाली.

"नाही," मी म्हणालो.

डॉक्टरांनी यंत्राच्या बाजूनं डोकं काढून आमच्याकडे आळीपाळीनं पाहिलं.

"काम काय करता?"

मी सांगितलं. त्यांनी मला समोरच्या भिंतीवरच्या अक्षरांकडे बघायला सांगितलं आणि स्वतः माझ्याकडे बघत राहिल्या. बराच वेळ. मग म्हणाल्या, "पापणी मिटा ना काका."

"मिटायची आहे का? तुम्ही सांगितलं नव्हतंत."

"ती सांगून मिटायची नसते."

मुंगी हसली. आठवडाभरात पहिल्यांदाच.

"डॉक्टर, मी सांडपाणी विभागात आहे," ती म्हणाली. "आमच्याकडे रस्त्यावर पाणी आलं की दोनच गोष्टी बघतात. नाला तुंबलाय, की वरून पाणीच जास्त येतंय. यांचं काय आहे?"

"प्रश्न बरोबर आहे. दोन्ही बघू. आधी पाणी किती तयार होतं ते मोजू."

त्यांनी टीपकागदासारख्या दोन अरुंद पट्ट्या काढल्या. त्यांवर बारीक खुणा छापलेल्या होत्या. एकेक पट्टी टोकाशी दुमडून त्यांनी माझ्या खालच्या पापणीत अडकवली. दोन्ही गालांवर दोन पट्ट्या लोंबू लागल्या. मी कसा दिसत असेन याचा विचार न करण्याचा प्रयत्न केला.

"पाच मिनिटं असंच बसायचं. बोलायचं नाही, पुसायचं नाही. डोळे कोरडे असतील तर पट्टी थोडीशीच भिजेल."

"आणि रडू आलं तर?" मुंगीनं विचारलं.

"रडू आलं तर सगळी भिजेल. मग परीक्षेला अर्थ नाही."

त्यांनी पंखा बंद केला आणि शेजारच्या खोलीत दुसरा रुग्ण बघायला गेल्या. मुंगीनं स्टूल ओढलं आणि माझ्यासमोर बसली. मला बरं वाटलं. मोजमाप होणार होतं. माझी बाजू कुणीतरी मिलिमीटरमध्ये मांडणार होतं.

"बोलू नका हं बाबा," ती म्हणाली. "मीच बोलते. तुम्ही गप्प बसायची सक्ती आहे, अशी संधी परत मिळायची नाही. म्हणजे तुम्ही तसे गप्पच असता. पण आज उठून जाता येणार नाही."

मी समोर बघत राहिलो.

"मला तिकडे जायची भीती नाही वाटत. पूल बघायचे तर बघीन. लोंबकळत बघावे लागले तरी बघीन. आईचंही मला काही नाही. तिला राग येतो, ती बोलते, मोकळी होते. मला तुमचं कळत नाही. तुम्हाला काय वाटतं ते मला कधीच कळलं नाही. लहानपणी टेबलाखाली असायचे ना, तेव्हा मी वरती बघायचे. खालून फक्त तुमचे गुडघे दिसायचे. गुडघे हलले नाहीत की मला कळायचं, काम अवघड आहे. मग मी पण हलायचे नाही."

माझ्या पापणीत काहीतरी सरकलं. पट्टीचं टोक असावं.

"त्या दिवशी जेवताना तुम्ही रडलात, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, तुम्हाला काय वाटतं. खरं सांगू? मला आनंद झाला होता. मी जाऊ नये असं कुणाला तरी इतकं वाटतंय. आता ते पाणीच निघालं, नुसतं पाणी, तर मला बरं वाटायला हवं. वाटेल की नाही, माहीत नाही." तिनं आपल्या बोटांकडे पाहिलं. "आणि एक वेडगळ विचार येतो. आता तुमचे स्क्रू कोण शोधणार? तुमचे गुडघे दुखतात. वाकता येत नाही."

मी श्वास धरला.

आमच्या कामात एक क्षण असा येतो की चिमट्याच्या टोकावर ती बारीक स्प्रिंग असते आणि तिला जागेवर ठेवायचं असतं. त्या क्षणी आपण कुणाचे कोण आहोत, बाहेर काय चाललंय, आपल्याला काय वाटतं, काहीही मनात येऊ द्यायचं नसतं. मी तिथे बसून मनातल्या मनात एक घड्याळ उघडलं. मागचं झाकण काढलं. चाकं एकेक उचलून क्रमानं तबकात ठेवली. सगळ्यात लहान चाकाचे दात मोजायला घेतले. समोर माझी मुलगी बसली होती, आणि मी दात मोजत होतो. एकदा आकडा चुकला. पुन्हा पहिल्यापासून मोजले.

आम्ही दोघंही हललो नाही.

डॉक्टर आल्या, पट्ट्या काढल्या, उजेडात धरल्या. "उजवा चार. डावा तीन. दहाच्या वर असायला हवं. पाचाच्या खाली म्हणजे चांगलेच कोरडे."

"कोरडे?" मुंगी म्हणाली. "अहो, यांच्या डोळ्यांतून दिवसभर पाणी वाहतं."

"कोरडे आहेत म्हणूनच वाहतं. डोळ्यावर सतत एक पातळ थर असायला लागतो. त्याच्यावर तेलाचा आणखी पातळ थर, म्हणजे पाणी उडून जात नाही. ते तेल पापणीच्या कडेच्या बारीक ग्रंथींमधून येतं. काकांच्या ग्रंथी बुजल्यात. शिवाय ते पापणी मिटत नाहीत, त्यामुळे जे आहे तेही पसरत नाही. डोळा वाळतो, चुरचुरतो. मग मेंदू घाबरून एकदम लोंढा सोडतो. तो नुसता पाण्याचा. टिकत नाही, गालावर येतो आणि डोळा पुन्हा कोरडा."

"म्हणजे जमीन कोरडी असली की पावसाचं पाणी मुरत नाही, रस्त्यावर येतं, तसं."

"तसं. आता तुमचा नालाही बघू."

बधिर करणारा थेंब घालून त्यांनी डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातल्या बारीक भोकात एक बोथट नळी टेकवली आणि पिचकारीनं पाणी सोडलं. तिथे भोक असतं हे मला पुस्तकानं सांगितलं होतं, पण पटलं नव्हतं.

"घशात काही आलं?"

"खारट."

"दुसऱ्या बाजूनं?"

"खारट."

"वाट मोकळी आहे. तुंबली असती तर कदाचित छोटं ऑपरेशन करावं लागलं असतं. ते नाही."

मग त्यांनी सगळं समजावलं. रोज गरम पाण्यात बुडवून पिळलेलं फडकं मिटलेल्या डोळ्यांवर दहा मिनिटं. मग पापण्यांच्या कडा हलक्या हातानं दाबून पुसायच्या. दिवसातून चार वेळा थेंब. डोळे चोळायचे नाहीत, पंखा तोंडावर घ्यायचा नाही, गुलाबपाणी बंद. काम करताना मधूनमधून भिंग काढून लांब बघायचं आणि पापण्या पूर्ण मिटायच्या, अर्ध्या नाही. दुखायला लागलं, डोळा लाल झाला किंवा कमी दिसलं तर लगेच यायचं.

"आणि बरं व्हायला वेळ लागतो," त्या म्हणाल्या. "हे नेमानं करावं लागेल. नेमाचे आहात ना?"

"घड्याळवाले आहेत," मुंगी म्हणाली.

बसमध्ये आम्हाला शेजारी जागा मिळाली. मी खिडकीकडे होतो. तिनं हात लांब करून काच बंद केली. दोन थांबे गेले.

"बाबा, तुम्ही मगाशी श्वास रोखून धरला होतात."

"सवय आहे. काम करताना धरतो."

"तिथे कुठलं काम होतं?"

मी बाहेर बघितलं. बंद काचेतून फारसं काही दिसत नव्हतं. वाक्य जुळत नव्हतं. ती वाट बघत होती, आणि तिला घाई नव्हती, हे मला अजून आठवतं.

"पट्टी कोरडी होती ना?" मी विचारलं.

"होती."

"मग."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं माझ्या बाहीचं टोक धरलं, पाण्यानं पांढुरकं झालेलं, आणि बोटांनी सरळ केलं.

"जाते मग," ती म्हणाली. "सोमवारी हो म्हणून कळवते."

"जा."

घरी गेल्यावर तिनं आईला सगळं सांगितलं. बायकोनं शांतपणे ऐकून घेतलं. "काय म्हणाल्या डॉक्टर? परत सांग."

"बाबा कोरडे आहेत."

"एवढं शिकून त्यांनी हे शोधलं?" ती म्हणाली. "मला विचारायचं. मी लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सांगितलं असतं."

मग ती उठली आणि खिडकीजवळच्या तिच्या खुर्चीत जाऊन बसली. दुसरा चहा त्या दिवशी आला नाही. ते मला अपेक्षित होतं.

मुंगी महिनाअखेरीला गेली. तोपर्यंत थेंबांचा आणि फडक्याचा थोडा गुण आला होता. निरोप देताना बायको रडली, शेजारचा किल्लीवालासुद्धा, ज्याचा काही संबंध नव्हता, नाक ओढत होता. माझे डोळे व्यवस्थित होते. मुंगी बसच्या दारातून वळली आणि म्हणाली, "बाबा, पापण्या." मी पूर्ण मिटल्या. उघडल्या तेव्हा दार बंद झालं होतं.

आता रोज संध्याकाळी दुकान बंद करून आलो की बायको पातेल्यात पाणी गरम करते, फडकं बुडवते, पिळते आणि मनगटावर टेकवून बघते. मी आरामखुर्चीत डोकं मागे टाकतो. ती फडकं डोळ्यांवर ठेवते. पहिले काही दिवस मी नुसता पडून राहायचो. वाचता येत नाही, काम करता येत नाही, उठून जाता येत नाही. मग मुंगी त्याच वेळेला फोन करू लागली, आणि बायको फोन माझ्या कानाशी धरू लागली.

समोर कुणी दिसत नसलं की मला बोलता येतं, हे मला माहीत नव्हतं. एवढ्या वयात कळलं. मुंगी कुठल्या पुलाखाली जाऊन आली, तिथे कबुतरांनी कशी घरटी केलीत, लोखंडाला हातोडीनं ठोकलं की चांगलं कसं वाजतं आणि आतून गेलेलं कसं, हे ती सांगते. मी दुकानातलं सांगतो. एकदा तिनं विचारलं, "स्क्रू पडतात का?" मी म्हणालो, "पडतात. किल्लीवाला येतो, पण त्याला शोधता येत नाहीत. तो चुंबक फार वर धरतो." मग मी म्हणालो, "तू जमिनीला टेकवून धरायचीस."

तिकडे तिनं खिडकी लावल्याचा आवाज आला.

"घर मोठं वाटतं," मी म्हणालो. हे वाक्य मी आधी जुळवलेलं नव्हतं.

"हो बाबा," ती म्हणाली.

बायकोचा हात फोनवर होता. तो हलला नाही. दहा मिनिटं होऊन गेली होती, फडकं गार झालं होतं, तरी तिनं ते काढलं नाही. फोन संपल्यावर काढलं, हातात घेऊन दाबून पाहिलं.

"ओलं आहे," ती म्हणाली.

"पाण्यात बुडवलेलं होतं ना."

"मी चांगलं पिळून ठेवलं होतं."

मी पापण्या मिटल्या आणि उघडल्या, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे, पूर्ण. ती खिडकीजवळ गेली, तिची खुर्ची थोडी बाजूला सरकवली आणि माझी तिच्या शेजारी ओढली. मग विचारलं, "चहा घेणार का अजून?"